माझ्या नावावरची फुंकर

आमच्या कंपनीत वर्षातून एकदा मेडिकल असतं. डोळे, रक्त, उंची, वजन आणि शेवटी फुंकायचं. पुठ्ठ्याची पांढरी नळी तोंडात धरायची, नाकाला चिमटा लावायचा आणि छातीत असेल नसेल तेवढी हवा एका दमात सोडायची. असं तीनदा. समोर लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस "अजून, अजून, अजून" म्हणत राहतो आणि पडद्यावर एक रेघ चढून उतरते. डोळ्यांच्या तपासणीची कुणाला भीती नव्हती. रक्ताची होती, पण सुई टोचेपर्यंतच. फुंकायच्या टेस्टआधी मात्र आमच्या सेक्शनमधल्या बायकांचं आठवडाभर जेवणात लक्ष नसायचं.

कारण साधं होतं. आम्ही ठेकेदाराकडच्या. कंपनीच्या कायम कामगाराचा दम कमी निघाला तर त्याला दुसऱ्या कामावर बसवायचे. आमचा कमी निघाला तर गेटपास थांबायचा. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण माझ्या पहिल्याच मेडिकलनंतर दोघी गेल्या आणि त्या कुठे गेल्या हे कोणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं.

मी बुलढाणा जिल्ह्यातली. गावात शाळा आठवीपर्यंत. नववीला तालुक्याला जायला सकाळची एकच एसटी, तीही आली तर आली. सहा महिने कसंबसं केलं आणि मग सुटलं ते सुटलंच. पुढे बहिणीचे यजमान महाडच्या औद्योगिक वसाहतीत लागले. बहीण बाळंत झाली तेव्हा मी मदतीला म्हणून आले. वर्षाने ती दोघं गावी परत गेली, मी राहिले. राहिले कारण इथे रोज ठरलेल्या वेळेला एका ठिकाणी पोहोचायचं होतं आणि तिथे न्यायला कंपनीची बस यायची. शाळेच्या वेळी एवढंच असतं तरी पुरलं असतं.

ठेकेदाराचा सुपरवायझर होता, त्याला आम्ही भाऊ म्हणायचो. मला कामावर घेताना त्याने दहावीचं सर्टिफिकेट मागितलं नव्हतं. इतर दोन गेटांवर त्यावरूनच मला परत पाठवलं होतं. त्यामुळे भाऊबद्दल माझ्या मनात फार होतं, आजही थोडं आहे. पण तो ते विसरू द्यायचा नाही. कोणी काही मागितलं की हसून म्हणायचा, "मी विचारला होता का तुला दहावीचा कागद?"

आमचं काम पावडर भरायचं. वरून सुकून, चाळून आलेली पांढरी पावडर मोठ्या चमच्याने प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी वजनकाट्यावर, तिथून ड्रममध्ये. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगात पायघोळ झगा. आम्ही सगळ्या सारख्याच दिसायचो, ओळखायचं ते डोळ्यांवरून आणि चालीवरून. पावडर इतकी हलकी की चमचा बुडवला की वर धूर उठल्यासारखी उठायची. दुसऱ्या वर्षी मला खोकला लागला. कोरडा, सकाळी उठल्या उठल्या येणारा. जिना चढले की मी मध्येच थांबून चपलेचा पट्टा नीट करायचे. पट्टा नीटच असायचा.

माझ्या शेजारच्या टेबलावर होती ती पोलादपूरच्या वरच्या अंगाची, डोंगरमाथ्यावरच्या वाडीतली. घरी गुरं, शेळ्या आणि थोडी नाचणी. रोज वाडीतून खाली उतरायची, फाट्यावर गाडी पकडायची. मी एकदा विचारलं, खाली यायला किती वेळ लागतो. म्हणाली, अर्धा तास. आणि वर जायला? तर म्हणे, तेवढाच. मला वाटलं थट्टा करते. पुढे एकदा कॅन्टीनच्या मागे उभं राहून तिने गुरांना परत बोलवायची हाक मारून दाखवली, तेव्हा गेटवरचा वॉचमन बाहेर येऊन इकडेतिकडे बघायला लागला. ती आमच्यात नवी होती, चारच महिने झालेले.

मेडिकलच्या आदल्या दिवशी मी डबा उघडून नुसती बसले होते. तिने कारण विचारलं, मी सांगितलं. ती भाकरी चावता चावता म्हणाली, "घाबरतेस कशाला गो, माझा दम हाय ना. तुझ्या नावाचा पण मीच फुंकते."

मी नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर ती बोलायच्या आधीच ते माझ्या मनात येऊन गेलं होतं. टेबलावरच्या आणखी तिघींनी ऐकलं. संध्याकाळी बसमध्ये चढेपर्यंत आम्ही चौघी झालो होतो.

फुंकायची टेस्ट कॅन्टीनच्या मागच्या खोलीत होती. तो लॅपटॉपवाला मान वर करायचा नाही. पास हातात घ्यायचा, नंबर टाकायचा, नळी पुढे करायचा. पासवरचे फोटो उन्हाने आणि घामाने असे उडालेले की त्यात कोणीही कोणीही असू शकली असती. आम्ही दिवसभरात वेळ वाटून घेतली. सकाळी तिने माझ्या पासवर फुंकलं, मग टोपी आणि झगा बदलून दुसरीच्या, जेवणाआधी तिसरीच्या, जेवणानंतर चौथीच्या. बाहेर आली की दरवेळी बोटांनी खूण करायची, झालं. चौथ्या वेळी बाहेर आली तेव्हा भिंतीला टेकली आणि म्हणाली, डोळ्यापुढे काजवे चमकतात. त्या दिवशी तिचा उपास होता, चहाशिवाय पोटात काही नव्हतं. आम्ही तिला पाणी दिलं. कोणीतरी म्हणालं, आता शेवटचं तुझं स्वतःचं, ते तर तू झोपेतही फुंकशील. आम्ही हसलो.

पंधरा दिवसांनी निकाल आला. आम्ही चौघी उत्तम. आमच्यापुढे कायमवाले पुरुषही कमी पडले. तिचा मात्र कमी. कागदावर लिहिलं होतं की श्वसनक्षमता अपुरी, धुळीच्या कामास योग्य नाही.

भाऊने तिला गेटवरच थांबवलं. वाईट बोलला नाही. महिनाभर आराम कर, औषध घे, मग बघू म्हणाला. ती पास त्याच्या हातात देऊन उभी राहिली. आमची बस आत वळत होती. तिने खिडकीत मला बघितलं आणि हात केला, रोज करायची तसाच. मी पण केला. बस आत गेली.

यानंतरचे आठ दिवस मी काम केलं, जेवले, झोपले. आम्ही चौघी एकमेकींशी पावडरीबद्दल आणि बसच्या वेळेबद्दल बोलत होतो, दुसऱ्या कशाबद्दल नाही. तिच्या टेबलावर दुसरी आली.

कंपनीत कामगारांची संघटना होती. लेबलच्या विभागातल्या एक काकू तिच्या कमिटीवर होत्या. महाड गावातल्याच, पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधून गळ्यात घालायच्या. आदल्या वर्षी त्या आमच्या टेबलाशी येऊन बसल्या होत्या, सभासद होण्याचे फॉर्म घेऊन. ठेक्यावरच्या कामगारालाही होता येतं म्हणाल्या. आम्ही ऐकून घेतलं आणि फॉर्म तिथेच ठेवून उठलो. भाऊने आधीच सांगून ठेवलं होतं की झेंड्याखाली उभं राहायचं असेल तर उभं राहा, पण मग पास माझ्याकडे मागू नका. तेवढंच नाही. मला वाटायचं, ते शिकलेल्यांचं, कायमवाल्यांचं काम. आपल्याला काम मिळालं हेच खूप, त्यात आणखी मागायला गेलं की मिळालेलं जाईल. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि एवढ्याच हिशेबाने जगत होते.

नवव्या दिवशी सुट्टी होती. महाडच्या एसटी स्टँडपासून थोडं आत, एका दुकानाच्या वर संघटनेची खोली आहे, तिथे गेले. जिन्यात दोनदा थांबले. काकू खिचडीचा डबा उघडून बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. वाटलं होतं की समजूत काढतील. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, कपाटातून कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. आमच्या सेक्शनचे निकाल होते, सुरक्षा समितीत असल्यामुळे त्यांना प्रत मिळायची.

"मागच्या वर्षीपेक्षा तुझी छाती वाढलीय," त्या म्हणाल्या. "वर्षभर पावडर खाऊन. मला तेव्हाच या कागदाला डोंगरातल्या शेळ्यांचा वास आला होता."

मी खाली बघत होते. मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. संघटना वर्षभर मागत होती की पावडर भरायच्या टेबलांवर धूळ ओढून घेणारे पंखे बसवा. गेल्या बैठकीत कंपनीच्या साहेबांनी हाच कागद पुढे केला होता. म्हणाले, धूळ आहे तर मग या बायका एवढ्या ठणठणीत कशा? कंपनीतला सगळ्यात निरोगी विभाग हाच आहे. पंख्यांची मागणी तिथेच अडली होती.

"उद्या तू आजारी पडलीस," काकू म्हणाल्या, "तर कागदावर तू पैलवान आहेस. कुणाकडे दाद मागशील?"

मी म्हटलं, मी साहेबांना जाऊन खरं सांगते. त्या म्हणाल्या, एकटी सांगशील तर खोटारडी ठरशील आणि संध्याकाळी तुझाही पास जाईल. तुझी मैत्रीण राहील वाडीवरच. चौघी सांगाल तर तो पुरावा होईल. पण आधी मला कंपनीकडून लिहून घेऊ दे की सांगणाऱ्यांपैकी कुणाला काढणार नाही आणि दम कमी निघाला म्हणूनही काढणार नाही, दुसरं काम देतील. ते मी कोणाच्या वतीने मागू? तुम्ही आमच्या कोणीच नाही.

त्यांनी फॉर्म काढले. पाच. पाचवा तिचा.

मला वाटलं होतं बाकीच्या तिघी ऐकताक्षणी तयार होतील. त्या चिडल्या. एक म्हणाली, तुला कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला. दुसरी म्हणाली, डोंगरातल्या माणसाला काय, गुरं आहेत, नाचणी आहे, ती उपाशी मरणार नाही. आपल्याकडे काय आहे? मी तिला विचारलं, हे तिच्या तोंडावर म्हणशील का? चार दिवसांनी दोघींनी सह्या केल्या. तिसरीने नाही केली. तिला दोन मुलं होती, नवरा घरी बसलेला. ती शेवटपर्यंत एवढंच म्हणत राहिली की मी माझं मीच फुंकलंय. तिला आम्ही पुन्हा विचारलं नाही. तिच्या नावावर अजूनही ती उत्तम फुंकर आहे आणि तीही आता खोकते.

पाचवा फॉर्म घेऊन मी पोलादपूरला गेले. फाट्यावर उतरले आणि वर चालायला लागले. तिचा अर्धा तास मला पावणेदोन तास लागला. वाटेत एक म्हातारा लाकडाची मोळी घेऊन मला मागे टाकून गेला. वर पोहोचले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. ती गोठ्यातून शेणाचे हात घेऊन बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि कितीतरी वेळ हसत राहिली.

"हाच का गो तुझा उत्तम दम?"

तिच्या आईने ताक दिलं. मग आईच म्हणाली की हिच्या छातीत पाणी झालंय असं कंपनीने सांगितलंय, म्हणून हिला देवऋषीकडे नेऊन आणलं. तिने घरी खरं सांगितलं नव्हतं. आईला वाटत होतं की मुलगी आजारी आहे, आणि मुलगी रोज गुरांमागे दोन डोंगर चढून येत होती. सोयरिकीची बोलणी चालली होती तीही थांबली होती. मी नुसता फॉर्म पुढे केला.

तिने हात धुतले, पुसले. फॉर्म वाचला. ती दहावी पास होती, हे मला त्या दिवशी कळलं.

"मी फुंकला तो माझ्या मर्जीने," ती म्हणाली. "त्याचा काय नाय. पण तू गाडीतून हात केलास ना, तेव्हा मला वाटला, आता उतरशील."

गोठ्याच्या फळीवर कागद ठेवून तिने सही केली.

कंपनीकडून लिहून घ्यायला काकूंना तीन आठवडे लागले. संघटनेतल्या काही कायमवाल्यांनाही हे नको होतं. ठेक्याच्या बायकांनी लबाडी केली, आपण कशाला निस्तरायची, असं बैठकीत बोलले. काकूंनी त्यांना विचारलं म्हणे की धूळ पास बघून नाकात जाते का. हे मी ऐकलेलं, बघितलेलं नाही. कंपनी का तयार झाली, तर टेस्ट घेणारा माणूस त्यांनीच आणलेला होता आणि तो मान वर करत नव्हता, हे बाहेर जाणं त्यांनाही परवडणारं नव्हतं. भाऊ शेवटपर्यंत म्हणत होता की मुली साध्या आहेत, त्यांना कोणीतरी भरीला घातलं.

बैठकीत माझ्यावर बोलायची पाळी आली तेव्हा पत्र टेबलावर होतं, सहीशिक्क्याचं. एका बाजूला साहेब आणि भाऊ, दुसऱ्या बाजूला काकू, संघटनेचे दोघं आणि आम्ही चौघी, म्हणजे सांगणाऱ्या तिघी आणि ती. मी किती वाजता पास दिला, कोणत्या खोलीत, कोणत्या क्रमाने, ते सांगितलं. साहेबांनी विचारलं, हे सगळं तुम्ही का केलं. मी म्हटलं, कारण दम कमी निघाला की पास थांबतो. भाऊ म्हणाला, असं कधी झालंय? तेव्हा मी पहिल्या वर्षी गेलेल्या त्या दोघींची नावं घेतली. ती मला पाठ होती, हे मलाच माहीत नव्हतं. भाऊने माझ्याकडे बघितलं. त्याने दहावीच्या कागदाचं काही काढलं नाही. काढलं असतं तर मला रडू आलं असतं.

पंखे बसले, तीनपैकी दोन टेबलांवर. तिसऱ्याचं पत्र अजून फिरतंय. नवीन मुली येतात, त्यांना फॉर्म द्यायला आता काकू मला पाठवतात. मला त्यांच्यासारखं बोलता येत नाही. मुली विचारतात, यात आपला काय फायदा? मी एवढंच विचारते की फुंकताना दम कमी पडला तर तुझ्यासाठी कोण बोलेल, नाव सांग. काहीजणी नाव शोधत बसतात. काहीजणी उठून जातात, मी गेले होते तशा.

बैठकीत ठरलेली आमची फेरतपासणी त्याच खोलीत झाली. आधी ती आत गेली. दार उघडंच होतं. तिसऱ्या फुंकरीला त्या माणसाने "अजून" म्हणायचं सोडून दिलं आणि नुसता पडद्याकडे बघत राहिला. ती बाहेर आली, पदराने तोंड पुसत माझ्याशेजारी बसली. पास तिच्या गळ्यात होता. कागदाची एक प्रत तिने मागून घेतली, आईला दाखवायला.

मग माझा नंबर. मी पास पुढे केला. त्याने तो हातात घेतला, फोटो उजेडाकडे धरून बघितला आणि मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"तुम्हीच ना?"

मी हो म्हटलं. नाकाला चिमटा लावला आणि होता तेवढा दम सोडला. रेघ अर्ध्यावर जाऊन उतरली. आता मी लेबलच्या विभागात, काकूंच्या शेजारच्या टेबलावर बसते.